अक्षय की अक्षय्य? ‘संवर्धन’ तर नकोच

प्रश्न असा आहे: ‘वस्तुमान संवर्धनाचा नियम’ बरोबर, की ‘द्रव्य अक्षय्यतेचा’? आणि रासायनिक बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं, हा नियम खरा असेल, तर लाकूड जाळल्यावर राख मूठभरच का उरते?

‘संवर्धन’ आधी बाजूला काढा. वृध् म्हणजे वाढणे. वस्तुमानाचं संवर्धन झालं, तर नियमच मोडला! जंगलांचं करा, भाषेचं करा, वस्तुमानाचं नको. हिंदीतलं ‘संरक्षण’ निदान उलटा अर्थ देत नाही, पण वस्तुमानावर कुणी चाल करून येत होतं का?

आता ‘अक्षय्य’. दुसरा य हौसेचा आहे, ‘अक्षय’ पुरे, असं म्हणणारे पंडित मला अधूनमधून भेटतात. त्यांनी पाणिनी उघडावा. ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’ असं चक्क एक सूत्र आहे. क्षि (झिजणे) धातूला य लागला की एरवी ‘क्षेय’ व्हायचं, कारण ए चा अय् होतो तो पुढे स्वर आला तर. इथे पुढे य आहे, तरी ‘क्षय्य’ होतं, आणि ते एकाच अर्थी: जे झिजवणं शक्य आहे ते. शक्यतेचा अर्थ नसेल तर ‘क्षेय’च, आणि त्याचं वैयाकरणांचं उदाहरण तर फारच छान. ‘क्षेयं पापम्’, पाप झिजवायला हवं. झिजेल का, याची हमी ते देत नाहीत!

म्हणजे ‘अक्षय’ नुसतं सांगतं की क्षय होत नाही. ‘अक्षय्य’ सांगतं की तो होऊच शकत नाही. आणि नियमाला नेमकं हेच म्हणायचंय. त्या एका य वर एवढं ओझं असताना तो गाळायचा? अक्षय्य तृतीयेला मराठी माणूस तो न चुकता लिहितो, मग रसायनशास्त्रातच काटकसर कशाला?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ४५ ग्रेन (वजनाचं जुनं माप) पाऱ्याचं तांबडं भस्म तापवलं, तेव्हा पारा साडेएकेचाळीस ग्रेनच मिळाला. उरलेल्या ग्रेनांचा वायू झाला होता आणि त्याने तो गोळा करून ठेवला होता. उघड्या भांड्यात हाच प्रयोग केला असता, तर साडेतीन ग्रेन ‘नाहीसे झाले’ असं आपण म्हणालो असतो.

हां, राखेचं राहिलंच. लाकडातला १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातो. राख म्हणजे फक्त न जळणारे क्षार. तराजू चुलीवर नव्हे, धुराड्यावर लावा.