मूठ स्वतःच घडवा

प्रश्न : घरच्या लेथसाठी (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) गोल पटाशीचं नुसतं पातं आणलं. मूठ मीच करणार आहे. लाकूड कोणतं घेऊ? मुठीच्या तोंडाशी बसणारी धातूची कडी सैल पडू नये म्हणून काय करू? – एक वाचक, कळवा

उत्तर : बाभूळ घ्या. कुऱ्हाडीचे दांडे उगाच बाभळीचे करत नाहीत. ती धक्का सोसते. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीने सरळ जायला हव्यात आणि गाठ नको. लांबी 40 सेंटिमीटर ठेवा, म्हणजे मागचं टोक कमरेला टेकतं.

लाकूड मात्र पुरतं वाळलेलं हवं. माझी पहिली मूठ मी ऐन श्रावणात ठाण्यात कातली, लाकूड दमट होतं. दिवाळीनंतर पितळी कडी हलक्या हाताने निघून आली! लाकूड आकसलं होतं. आता ओंडका वर्षभर माळ्यावर ठेवतो.

आधी पातं बसवायचं भोक पाडा, मग त्याच भोकात लेथचं टोक बसवून मूठ काता. पातं आणि मूठ एका रेषेत येतात. कडीसाठी पितळी नळीचा तुकडा चालतो. ती जिथे बसणार तिथे लाकूड केसभर जाड ठेवा आणि लाकडी हातोडीने ठोकून बसवा.

शेवटी जवसाचं तेल चोळा. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा.