घर वडिलांच्या नावावर, हप्ता मुलाच्या पगारातून: व्याजाची वजावट कोणाला?

फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर, गृहकर्ज दोघांच्या नावावर आणि हप्ता पहिल्यापासून तुमच्या पगारातून. तरी सीए प्राप्तिकरातली व्याजाची वजावट तुम्हाला मिळणार नाही म्हणतात. सीएंचं बरोबर आहे. तुम्ही सहकर्जदार आहात, सहमालक नाही. ही वजावट घराच्या उत्पन्नातून होते आणि ते उत्पन्न कायदा मालकाचंच धरतो. बँकेच्या व्याजाच्या दाखल्यावर दोघांची नावं असतात, तेवढ्यावर बरेच जण दावा ठोकतात. कृपा करून तसं करू नका.

तरी एकदा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढून बघाच. ‘दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव’ या रकान्यात तुमचं नाव हवं. सोसायटीत असोसिएट मेंबर असणं पुरत नाही. इंडेक्स टूच्या त्या रकान्यात दोघांची नावं असती, तर जुन्या करप्रणालीत राहत्या घरासाठी प्रत्येकाला आपल्या हिश्श्याचं व्याज २ लाखांपर्यंत वजा करता आलं असतं. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाहीच, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून काही न निवडल्यास तीच लागू होते.

आता बक्षीसपत्र करून हिस्सा घ्यावा का? फक्त करासाठी असेल तर मी नको म्हणेन. घर गहाण असल्याने बँकेची संमती लागेल. शिवाय बक्षीस मिळालेला हिस्सा तुम्ही कर्ज काढून विकत घेतलेला नसतो. प्राप्तिकर अधिकारी नेमकं तिथेच बोट ठेवेल.

त्यापेक्षा, तुम्ही त्याच घरात राहत असाल आणि पगारात घरभाडे भत्ता असेल, तर वडिलांना खरोखर भाडं द्या. जुन्या प्रणालीत तुम्हाला भत्त्यावर सूट मिळेल. वडील भाडं उत्पन्नात दाखवतील. त्यातून मालमत्ता कर, उरलेल्याच्या ३० टक्के आणि व्याज वजा होईल. भाड्याच्या घराचं व्याज नव्या प्रणालीतही भाड्यातून वजा होतं, फक्त तोटा झाला तर तो वडिलांच्या पेन्शनसारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. मात्र भाडं बाजारभावाच्या आसपास हवं, दर महिन्याला बँकेतून जायला हवं आणि हप्ता यापुढे वडिलांच्या खात्यातून कापला जाऊ द्या. भाडेकरार करा. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं तर ऑफिसात वडिलांचा पॅन द्यावा लागेल.