कोळंबीचा अभ्यास करायचाय? मग गणित सोडू नका

प्रश्न : आम्ही जयगड खाडीकाठी राहतो. माझा भाऊ मासेमारी करतो. मुलगी यंदा दहावीला आहे. खाडीतल्या आणि समुद्रातल्या कोळंबीवर संशोधन करायचं म्हणते. गणित आवडत नाही, म्हणून अकरावीला ते सोडून जीवशास्त्र घेणार आहे. याचं शिक्षण कुठे मिळतं? नोकरी लागते का? – एक आई, रत्नागिरी जिल्हा

ताई, विषय तिने चांगला निवडलाय. गणित सोडायचा बेत तेवढा रद्द करायला सांगा. का, ते तिलाही वाचून दाखवा.

कोळंबीची मादी समुद्रात लाखांनी अंडी घालते. ती दिवसभरात फुटतात. दोन-तीन आठवड्यांत पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर होतं आणि भरतीबरोबर खाडीत शिरतं. तिथे कांदळवनात, चिखलात काही महिने वाढतं आणि पुन्हा समुद्रात उतरतं. (सगळ्या जातींचं असं नसतं. केरळात जिला करिक्कडी म्हणतात, ती आयुष्यभर समुद्रातच राहते.) पाऊस जोराचा झाला आणि खाडीचं पाणी गोडं झालं की ही बाहेर पडायची घाई वाढते. ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटारिया आखातात तर पाऊस किती झाला यावरून त्या हंगामात बनाना प्रॉन नावाची कोळंबी किती मिळेल याचा अंदाज बांधता येतो.

यातलं बरंचसं तिच्या मामाला ठाऊक असेल. संशोधकाचं काम त्यापुढे सुरू होतं : यातली आपोआप मेली किती, जाळ्यात गेली किती, उरली किती?

माशाच्या कानात खड्यासारखं हाड असतं, त्यावरच्या वलयांवरून वय काढता येतं. कोळंबी कात टाकते, अंगावरचं सगळं कठीण कवच त्यात जातं, त्यामुळे वलयं मोजायची सोयच नाही. म्हणून दर महिन्याला शेकडो कोळंब्यांची लांबी मोजतात आणि कोणत्या मापाच्या किती, याचा आलेख काढतात. त्यात एक उंचवटा दिसतो. पुढच्या महिन्यात तो मोठ्या मापाकडे सरकतो, ती वाढ. मोठ्या मापाच्या कोळंब्या ज्या वेगाने कमी होत जातात, त्यावरून मरण्याचा दर काढतात. आता गंमत बघा. फक्त खाडीतलेच नमुने घेतले, तर मोठ्या कोळंब्या अचानक नाहीशा झालेल्या दिसतील. त्या मेलेल्या नसतात, समुद्रात गेलेल्या असतात! नुसत्या खाडीच्या आकड्यांवर हिशेब केला तर स्थलांतरच मृत्यू म्हणून मोजलं जाईल. हा गुंता लॉगॅरिदम आणि संख्याशास्त्राशिवाय सुटत नाही. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात, दोन्ही घ्या.

शिक्षण तुमच्या दाराशीच आहे. रत्नागिरीत शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) होतं. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत मत्स्यसंपदा व्यवस्थापनात एम.एफ.एस्सी. (पदव्युत्तर पदवी). प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाकडे वळणं हाही रस्ता आहे, पण मत्स्य विभागातल्या नोकऱ्यांसाठी मी पहिला निवडेन.

नोकरीचं स्पष्ट सांगते. कोची मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी शास्त्रज्ञांच्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी, आणि तिथवर पोचेपर्यंत पंचविशी उलटते. मधल्या काळात प्रकल्पांवरच्या कंत्राटी नोकऱ्या मिळतात. खाजगी नोकऱ्या मुख्यतः व्हेनामी या पाळीव जातीच्या कोळंबीच्या हॅचरी (पिल्लं तयार करायची केंद्रं) आणि तलावांवर, आंध्रात जास्त. ते संवर्धन, म्हणजे कोळंबीची शेती झाली, तिला हवं ते संशोधन नव्हे. घरची तयारी असेल तरच या वाटेला जा. लग्नाची घाई असलेल्या घरात हे निभत नाही, हेही लिहिते.

आता एक काम. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तिथीला म्हणजे भरतीचं मान सारखं राहील, मामाच्या जाळ्यातली पसाभर कोळंबी न निवडता तिने घ्यावी. निवडून मोठी उचलली तर सगळं फुकट. डोळ्याच्या खाचेच्या मागून डोक्या-छातीवरच्या ढालीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. नर-मादी वेगळे लिहावेत : नराच्या पोहायच्या पायांच्या पहिल्या जोडीला जोडलेला अवयव दिसतो, मादीला तो नसतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीआधी चार-पाच महिन्यांचे आकडे हाती येतील. त्यांचा आलेख काढायला तिला कंटाळा आला, तर वेगळ्या शाखेचा विचार करायला अजून वेळ आहे. आला नाही तर अकरावीच्या फॉर्मवर गणित लिहायला तीच सांगेल. आलेख मला पाठवा, मी बघते.