अल्पविश्वासी म्हणजे अविश्वासी नव्हे

विचारणा अशी आहे: बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना वाऱ्याला भिऊन बुडू लागतो, तेव्हा येशू त्याला ‘अल्पविश्वासी’ म्हणतो. मग पेत्राचा विश्वास नव्हताच का? ‘अल्पविश्वासू’ म्हटलं तर चालेल का? आणि ज्याला मुळात हा चमत्कारच पटत नाही, त्यालाही अल्पविश्वासीच म्हणायचं का?

‘अल्पविश्वासू’ मी टाळेन. ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो विश्वासू. पत्राखाली आपण ‘आपला विश्वासू’ लिहितो ते याच अर्थाने. मनात विश्वास बाळगतो तो विश्वासी. ग्रीकमधला ‘पिस्तॉस’ हे दोन्ही अर्थ एकटा वाहतो, मराठीला मात्र दोन शब्दांची सोय आहे, ती वापरावी.

आता ‘अल्प’. अल्पशिक्षिताला आपण अशिक्षित म्हणत नाही, तसंच इथे. मूळ शब्द ‘ओलिगोपिस्तॉस’: ओलिगोस म्हणजे थोडा, पिस्तिस म्हणजे विश्वास. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या उत्तर भागात, तो पाचदा येतो, त्यातला चारदा एकट्या मत्तयात, आणि दर वेळी तो आपल्याच माणसांना उद्देशून आहे. ‘विश्वासहीन’साठी वेगळा शब्द आहे, ‘अपिस्तॉस’. जखमांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला येशू ‘तसा होऊ नकोस’ म्हणतो, तो हा. या दोन शब्दांची गल्लत जुनी आहे. मत्तयाच्या 17व्या अध्यायात, मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाच्या वचनात, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ‘अल्पविश्वास’ आहे आणि नंतरच्या बहुतेक प्रतींत त्याचा ‘अविश्वास’ झाला आहे.

मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा शब्द. येशू पेत्राला विचारतो, ‘तू संशय का धरलास?’ आज संशय म्हटलं की संशयी नवरा आठवतो, नाहीतर पोलिसांचा संशयित. म्हणजे समोरच्याच्या हेतूबद्दल वाईट शंका. पेत्राच्या मनात तसलं काही नव्हतं. ग्रीक क्रियापद ‘दिस्ताझो’, त्यात दोनचा अर्थ आहे. त्यातला ‘दिस’ हा आपल्या ‘द्वि’चा सख्खा नातलग. म्हणजे मन दोहोंकडे ओढलं जाणं, द्विधा होणं. नव्या करारात हे क्रियापद फक्त दोनदा येतं, दोन्हीदा मत्तयात. दुसऱ्यांदा ते अगदी शेवटी, गालीलातल्या डोंगरावर शिष्य येशूला नमन करतात तिथे. नमन आणि संशय एकाच वाक्यात!

तरीही ‘संशय’ हा शब्द बदलावा असं मला वाटत नाही, कारण त्याचा जुना अर्थ इथे चपखल बसतो. न्याय या भारतीय तर्कदर्शनात संशयाचं ठरलेलं उदाहरण ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’: अंधुक उजेडात समोर दिसतंय ते झाडाचं खोड की माणूस? आता होडीतले शिष्य पाहा. रात्रीचा चौथा प्रहर, म्हणजे पहाटे तीन ते सहा, समोरून वारा, लाटांवर एक आकृती. ‘भूत!’ म्हणून ते ओरडतात. पेत्र म्हणतो, ‘प्रभो, आपण असाल तर मला पाण्यावरून यायला सांगा.’ त्या ‘असाल तर’मध्येच स्थाणु-पुरुष आहे, आणि तेवढ्यावर तो होडीतून उतरतो. न मानणारा माणूस उतरलाच नसता.

म्हणून ज्याला ही घटनाच पटत नाही, त्याला अल्पविश्वासी म्हणू नये. त्याची ती शंका, आणि शंका घेणारा चिकित्सक. अशा चिकित्सकांपैकी हाइनरिश पाउलुस या जर्मन अभ्यासकाने 19व्या शतकात मांडलं की येशू पाण्यावर नव्हे, काठाने चालत होता. आधार व्याकरणाचा: हीच घटना सांगताना योहान आपल्या शुभवर्तमानात ‘एपी’, म्हणजे ‘वर’, वापरतो, आणि त्याच्याच 21व्या अध्यायात तोच ‘एपी’ समुद्रकाठासाठी येतो. मराठी माणसाला हे चटकन कळेल. ‘संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेलो’ म्हणताना आपण वाळूतच असतो, आणि बाई नदीवर धुणं धुते ती काठावरच. पण योहानाच्याच वृत्तान्तात होडी तोवर पंचवीस-तीस स्तादिया, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर, वल्हवून झालेली असते. आणि मत्तय पेत्राबद्दल लिहिताना ‘समुद्र’ सोडून ‘पाणी’ म्हणतो. आपणही समुद्रावर फिरतो, पाण्यावर फिरत नाही.