तिकडे दमा, इकडे 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस'?

प्रश्न : माझी बहीण इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. तिच्या सात वर्षांच्या मुलाला तपासण्यांनंतर दमा असल्याचे सांगून पंप सुरू केला आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात रात्री खोकला येतो, छातीत घरघर होते. पण इथे दर वेळी 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस' म्हणून सिरप मिळते. दमा तिकडेच जास्त आहे, की हा केवळ निदानाचा फरक आहे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निदानाच्या पद्धती देशागणिक बदलतात, म्हणून मुलांमधील दमा आणि अ‍ॅलर्जीच्या 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय पाहणीत केवळ रोगाचे नाव न विचारता, गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिटीसारखा आवाज आला होता का, असे मुलांनाच विचारले गेले आणि धाप लागलेल्या मुलांच्या चित्रफितीही दाखवल्या गेल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १३-१४ वर्षांच्या सुमारे ३० टक्के मुलांत हे लक्षण आढळले, चीन आणि इंडोनेशियात ते प्रमाण दोन ते चार टक्क्यांच्या आसपास होते, आणि भारतही खालच्या टोकाकडेच होता. जर्मनीच्या एकीकरणानंतरची तुलना याहून बोलकी आहे : पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील लाइपझिग आणि हाले येथील हवा अधिक प्रदूषित असूनही तिथल्या मुलांत दमा पश्चिमेकडील म्युनिकपेक्षा कमी निघाला, ब्राँकायटिस मात्र जास्त. लोक एकाच वंशाचे असल्याने हा फरक आनुवंशिकतेच्या माथी मारता येत नाही.

मात्र प्रमाण कमी असणे म्हणजे धोका कमी असणे नव्हे. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. उशिरा होणारे निदान आणि अपुरे उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. ब्रिटनमध्ये पाच वर्षांवरील मुलांच्या श्वासातील नायट्रिक ऑक्साइड (श्वासनलिकेची सूज दाखवणारा वायू) मोजतात, फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करतात. आपल्याकडे पालकांना धक्का बसू नये म्हणून सौम्य नाव सांगण्याची पद्धत आहे, आणि मुलगी असेल तर लग्नाची चिंता सहाव्या वर्षीच सुरू होते. हा संकोच आजारापेक्षा महाग पडतो.

आपल्या मुलीचे वय स्पायरोमेट्रीला पुरेसे आहे. श्वासनलिका मोकळी करणारे औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर ही चाचणी करावी, अशी विनंती बालरोगतज्ज्ञांना करा; मात्र त्रास नसताना ती सामान्य आली, तर तेवढ्यावरून दमा नाही असे ठरत नाही. घरघर सुरू असताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि ते डॉक्टरांना दाखवा. पंपातील औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट श्वासनलिकेत पोहोचते, तर सिरप रक्तातून सर्वांगात जाते आणि त्यामुळे हात थरथरणे, छाती धडधडणे असे त्रास अधिक होतात. म्हणून पंपाला घाबरू नका, लहान मुलांना तो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा. पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी आणि गाद्यांतील धुळीचे सूक्ष्म कीटक यांचाही बंदोबस्त करा. बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, मुलीला एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे.