"शरीर वळतच नाही, मॅडम"

निपाणीहून बेळगावपर्यंत ती बसमध्ये उभी राहून आली होती. सीट रिकामी होती म्हणे, पण बसवेना. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, समोरच्या खुर्चीतही ती डाव्या अंगावर कलून अर्धवट टेकली आणि दहा मिनिटांत तीनदा बाजू बदलली. फोनवर वेळ घेताना मात्र दुखण्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. "कशातच मन लागेना झालंय," एवढंच बोलली होती.

तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय 29. पुण्यात नोकरीला असताना पोल डान्स, म्हणजे उभ्या खांबावर चढून करायचा नाच, शिकू लागली. काम घरूनच करायचं ठरल्यावर निपाणीला परतली आणि माडीवरच्या खोलीत फरशी नि स्लॅबच्या मध्ये 45 मिलिमीटर जाडीचा स्टीलचा खांब घट्ट बसवून घेतला. नाचाच्या बाई ऑनलाइन शिकवतात.

"माझ्याबरोबरच्या पोरी सहा महिन्यांत स्प्लिट मारायल्यात. मला दीड वर्ष झालं. शरीर वळतच नाही, मॅडम. वय निघून गेलं का माझं?" स्प्लिट म्हणजे एक पाय पुढे, एक मागे सरळ पसरत जमिनीला टेकणं.

हा प्रश्न माझ्याकडे फार जणी घेऊन येतात. तिशीत भरतनाट्यम सुरू केलेली असते, बाळंतपणानंतर योगवर्गाला लागलेली असते. वय निघून गेलेलं नसतं. तिशी-चाळिशीतही नेमाने ताण दिला तर सांधे मोकळे होतात, वेळ थोडा जास्त लागतो. पण ती हा ताण देत कशी होती, ते ऐकून माझा जीव कळवळला.

रोज रात्री जेवणं उरकली की, अंग गरम न करताच, पुढचा पाय पाटावर ठेवून ती स्प्लिटमध्ये उतरायची. पाट अशासाठी की पाय जमिनीच्याही खाली ताणला जावा. फोनवर तीन मिनिटं लावलेली. मग फोटो, आणि तो मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून बघणं. फरक दिसला नाही की पुन्हा तीन मिनिटं. उजव्या बाजूला बसायच्या हाडापाशी दोन महिने ठणका होता. "दुखल्याशिवाय येत नाही म्हणतात की," ती म्हणाली.

हे वाक्य किती जणींचं नुकसान करतं ते मी पाहिलं आहे. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारी ओढ वेगळी आणि हाडाशी, सांध्याशी टोचणारी कळ वेगळी. दुसरी जाणवली की थांबायचंच.

शरीरावर उपचार करणं माझं काम नाही. मी तिला आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडाला जिथे चिकटतात तिथला टेंडन दुखावला होता. खोल स्प्लिटमध्ये तो हाडावर आणखी दाबला जातो, म्हणजे ती रोज रात्री जखमच दाबत होती. स्प्लिट बंद, हळूहळू ताकदीचे व्यायाम, आणि धीर काही महिन्यांचा.

पुढच्या भेटीत ती खूप रडली. "पुण्यातलं माझं म्हणून एवढंच उरलंय. तेही बंद?" मी तिला रडू दिलं. घरी परतलेल्या मुलीचा दिवस ऑफिसचा, संध्याकाळ घरच्यांची. माडीवरचा तो एक तास तेवढा तिचा होता, आणि त्याच तासात ती स्वतःला सगळ्यात कठोर वागवत होती.

त्या दिवशी मी तिला सतरंजीवर भद्रासनात बसायला सांगितलं. उजवीकडे दुखणार नाही ना, हे फिजिओला विचारून घेतलं होतं. तळवे जुळवलेले, गुडघे बाजूला. "आता फक्त स्वतःकडे बघ." ताण येताच तिचा श्वास अडकला, दात आवळले गेले, पायाची बोटं आत वळली. मी म्हटलं, श्वास सोड, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून. जबडा सैल. पाच-सहा श्वासांत तिचे गुडघे दोन बोटं खाली गेले. कुणी दाबले नव्हते.

"हे कसं झालं?" तिने विचारलं. एवढ्या वेळात स्नायूची लांबी वाढत नसते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी लवचिकता येते, ती मुख्यतः मज्जासंस्था तो ताण सोसायला शिकते म्हणून. भ्यालेलं, दमलेलं, झोप न झालेलं शरीर पहारा सोडत नाही. त्याच्यावर ओरडून तर नाहीच.

बरोबरच्या पोरींबद्दलही बोललो. काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. कोपर उलट वाकतं, अंगठा मनगटाला टेकतो. त्यांना ताणापेक्षा ताकदीची गरज जास्त, नाहीतर सांधे दुखावतात. कुणाच्या खुब्याच्या खोबणीची ठेवणच अशी की दोन्ही पाय बाजूंना पसरायचा स्प्लिट पूर्ण उतरत नाही. तिथे हाडाला हाड अडतं, मेहनत कमी पडते असं नव्हे. आणि खांबावर पाय खाली ढकलायला जमीन नसते. तिथे तो स्वतःच्या जोरावर उचलून धरावा लागतो. नुसता ताणून आलेला स्प्लिट वर उपयोगी पडत नाही, हे तिच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ती विसरली होती.

तिसऱ्या भेटीला आई आली. "तुम्ही तरी सांगा हिला, सोड म्हणावं ते. पोरगी दुखणं घेऊन बसली, आणि ते कपडे..." मी सोड म्हणाले नाही. घरात कुणी तालमीत जात होतं का, एवढं विचारलं. आई थबकली. तिचे स्वतःचे वडील मल्लखांब करायचे. सागवानी खांबाला एरंडेल चोळताना तिने लहानपणी पाहिलं होतं. मग लेकीकडे वळून म्हणाली, "तू काय लावतीस गं तुझ्या खांबाला?"

"काही नाही आई. तेल लागलं तर घसरून पडेन. अंगाला क्रीमसुद्धा लावत नाही त्या दिवशी. उघड्या कातडीनंच पकड बसते."

"अप्पा लंगोट घालायचे ते त्यासाठीच," आई म्हणाली. कपड्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. लेकीला किती दुखतं हे मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचारलं.

आता सात महिने झालेत. पाट स्वयंपाकघरात परत गेलाय. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं, खांबावरचा सराव, आणि शेवटी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे ताण, आठवड्यातून चार दिवस. फोटोऐवजी वही आहे. त्यात झोप किती झाली, कुठे ओढ जाणवली, कुठे कळ आली. परवा तिने वही दाखवली. उजवा स्प्लिट जमिनीपासून अजून चार बोटं वर आहे. त्याखाली लिहिलंय, "खांबावर पाय कमरेपर्यंत हात न लावता गेला. पाच सेकंद."