पंचमी खोडू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली नाही. जन्मभर प्रुफं वाचलेल्या माणसाला ते किती जड जातं, तुला कळायचं नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनी कथेखाली ‘प्रभाव जाणवतो’ एवढे दोन शब्द लिहिले आणि चार महिने तू वहीला हात लावला नाहीस. आता विचारतेस, ‘काका, हा प्रभाव काढायचा कसा?’ साडीवरचा हळदीचा डाग विचारावा तसं. (तुझ्या बाबांनी तर मला फोन करून विचारलं, परीक्षकांकडे कुणाचं वजन आहे का. तो वशिला. अरबी-फारसीतून आला, कानडीतही वशीलीच म्हणतात. त्यात मी पडत नाही.)

आधी शब्द बघ. इंग्रजीतला ‘इन्फ्लुएन्स’ लॅटिनमधला, अर्थ आत वाहणं. युरोपातले जुने ज्योतिषी मानायचे की ताऱ्यांतून काहीतरी खाली झरतं, माणसात शिरतं आणि त्याचं नशीब घडवतं. साथ आली तरी बोट ताऱ्यांकडेच. इटालियन लोक साथीला ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणू लागले आणि १७४३ च्या साथीबरोबर तो शब्द इंग्रजीत शिरला. तुझे परीक्षक अजून तिथेच आहेत: प्रभाव म्हणजे कुणाकडून तरी लागलेला ताप.

आपला शब्द वेगळ्या घरचा. प्र आणि भू. त्याच धातूचा प्रभू, त्याचाच प्रभव, म्हणजे उगम. साठ संवत्सरांतलं पहिलं नाव. पाणिनीचं सूत्र आहे, ‘भुवः प्रभवः’. त्याखाली उदाहरण देतात, ‘हिमवतो गङ्गा प्रभवति’. गंगा हिमालयातून उगम पावते. जिथून उगम, त्याची पंचमी विभक्ती. शाळेत घोकलीस ना, ऊन-हून? तेच. (मलप्रभा नदीच्या नावातलं ‘प्रभा’ मात्र भा धातूचं, चमकण्याचं, घोळ करू नकोस.) मलप्रभा आपल्या कणकुंबीहून निघते, वाटेत किती ओढे घेते आणि कूडलसंगमाला कृष्णेत जाते. तुझं स्वतःचं पाणी किती, असं तिला कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

तेव्हा पंचमी खोडू नकोस. कुठून आलं ते सांग, मग खुशाल घे.

तू उलटं केलंस. पान चारवर आई मुलीला विचारते, ‘काय करुलालीस?’ त्यावर काट मारून ‘काय करते आहेस?’ शेजारची अव्वा होती, तिच्या ‘शेजारच्या आजीबाई’ झाल्या. ज्या पुण्याच्या पुस्तकाची लय परीक्षकांना जाणवली ती तशीच राहिली आणि बेळगावच्या खडेबाजारातला आवाज तेवढा गेला. अगं, तूप कानडीतून आलं, अण्णा-अक्का तिकडूनच. खोडायचंच तर तिथून सुरुवात कर आणि भातावर काय घेशील ते मला कळव.

सुळेभावी बेळगावपासून लांब नाही. तिथे १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. घरची भाषा कानडी. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गायचे, आणि लोक थक्क व्हायचे ते त्या नकलेवरच. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, क्षयाने देवासला नेलं, तिथे अंथरुणावर माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली. जे आलं ते घेतलं. आणि बालगंधर्वांची पदं गायला बसले तेव्हा कार्यक्रमाचं नावच ठेवलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. पंचमी थेट नावात! उमजलेलं माझं, पण आलं त्यांच्याकडून.

मला ते जमलं नाही, म्हणून तुझ्यावर चिडतोय.

मी छापखान्यात लागलो तेव्हा अक्षरांचे खिळे हाताने जुळवायचे. आमचे फोरमन घरी कानडी बोलायचे, मराठी त्यांची पोटाची भाषा. मी तेव्हा अर्ध्या पानाचं एक वाक्य लिहायचो. ते खिळे जुळवायची स्टिक हातात धरून ओरडायचे, ‘तोड की रे ते वाक्य, काने संपले!’ खिळ्यांच्या केसमधला कान्यांचा खण खरंच रिकामा असायचा. मी वाक्यं तोडत गेलो. पुढे लोक माझ्या त्या तुटक शैलीचं कौतुक करायला लागले. एका सत्कारात मला विचारलं, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? मी पुण्या-मुंबईची दोन मोठी नावं घेतली. फोरमन तिसऱ्या रांगेत होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर हात, नखांत शाई. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

आता समजून घे. १९५६ पासून इथला मराठी माणूस मराठीसाठी रस्त्यावर. भरल्या सभेत, माझं मराठी एका कानडी माणसाने घडवलं, असं म्हणायचं? निम्मी सभा उठून गेली असती. शिवाय त्या दोन मोठ्यांना मी वाचलं नव्हतं असंही नाही. वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय आणि त्यात काही खोटं नाही. फक्त कारण ते नव्हतं. मला ती नावं माझ्या नावाशेजारी छापलेली बघायची होती. दुसऱ्या दिवशी बातमीत छापून आली. प्रूफ मीच वाचलं होतं.

फोरमन आता नाहीत.

वही परत पाठवतोय. प्रत्येक कथेखाली एक ओळ लिही: हे कुणाकडून आलं. छापायला देऊ नकोस, पण लिही. पुस्तकं, माणसं, गल्लीतलं भांडण, काहीही चालेल. सगळ्या कथांखाली एकच नाव येत असेल तर परीक्षक बरोबर होते. आणखी दहा जणांना वाच. एकाही कथेखाली नाव सुचलं नाही, तर खोटं बोलतेयस, आणि मग मला वही दाखवू नकोस.

पान चारवरचं ‘करुलालीस’ परत घाल. अव्वालाही परत आण, पण तिच्या तोंडचं वाक्य तिच्यासमोर बसून ऐक. तुझं कानडी कच्चं आहे. रविवारी सकाळी ये. कुंदा आणू नकोस, साखर वाढलीय.

तुझा,
काका